विमान नाही, वेळ मात्र ठरलेली

फुजैरा ते सिंधुदुर्ग, विमानाने ३ तास ४ मिनिटं. अंतर मोजणारं कुठलंही यंत्र असा आकडा क्षणात काढून देतं. ती शेवटची चार मिनिटं नीट बघा. नुसतं ‘तीन तास’ म्हटलं तर अदमास वाटतो. चार मिनिटं जोडली की शास्त्र वाटायला लागतं. आता त्या शास्त्राला एकच प्रश्न विचारा: हे विमान सुटतं किती वाजता? गप्प. कुठल्या वारी? गप्प. कारण अमिरातीतल्या फुजैराहून सिंधुदुर्गाच्या चिपी विमानतळावर नियमित प्रवासी विमान आजवर एकदाही गेलेलं नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातली ही गत. विमानाचा पत्ता नाही आणि मिनिटं मोजून तयार!

मी शारजात राहणारा मराठी माणूस आहे, आणि या आकड्याचा मला मनापासून संताप येतो. संताप यंत्राचा नाही, यंत्र बिचारं सांगितलेला हिशेब करतं. संताप आहे तो आकडा तोंडावर फेकून प्लॉट विकणाऱ्यांचा, मतं मागणाऱ्यांचा, ‘कोकण आता दुबईच्या उंबरठ्यावर’ अशी भाषणं ठोकणाऱ्यांचा. आणि त्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींचाही. पदव्या घेतल्या, परदेश पाहिला, आणि ‘विमान आहे का’ हा पोरासोरांना सुचणारा प्रश्न यांना सुचू नये?

आधी हा आकडा कसा शिजतो ते पाहू. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. पृथ्वी गोल धरायची. गोलाच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा चाप काढायचा. हे त्रिकोणमितीचं काम आहे आणि ते बिनचूक आहे. फुजैरा आणि चिपी यांच्यातलं हवाई अंतर २,०५० किलोमीटरच्या आसपास भरतं, त्याबद्दल माझा काही वाद नाही. वाद पुढे आहे. त्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा, आणि छातीठोकपणे लिहायचं: उड्डाणाचा वेळ. कुणाचं उड्डाण? कशाचं उड्डाण?

बरं, खरी विमानं तरी या चापावरून जातात का? ती ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातात. अमिरातीतून पूर्वेला निघालेलं विमान ओमानच्या नियंत्रणातून अरबी समुद्रावर येतं, मग मुंबईच्या नियंत्रणात शिरतं, आणि जो मार्ग, जी उंची मिळेल त्यावरून जातं. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमेचे वारे जोरात असतात. भारताकडे येताना ते पाठीमागून ढकलतात, परतताना तोंडावर येतात. जाण्याचा आणि येण्याचा वेळ म्हणून वेगळा. यंत्राच्या लेखी मात्र जाताना तेवढाच, येताना तेवढाच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच कामाला येते, आणि डोक्यावर घिरट्या घालत थांबलेल्या विमानातून ज्याने खालच्या झोपडपट्टीची निळी ताडपत्री पुन्हा पुन्हा पाहिली आहे, त्याला ‘उड्डाणाचा वेळ’ हे काय प्रकरण आहे ते वेगळं सांगायला नको.

पण हे सगळं किरकोळ आहे. खरी गंमत पुढे आहे. ताशी ८०० किलोमीटर हा जेट विमानाचा वेग. चिपीला २०२१ पासून नियमित सेवा दिली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि भरल्या प्रवाशांनिशी एका दमात त्याची मजल साधारण दीड हजार किलोमीटर. अंतर किती? २,०५०. म्हणजे चिपीकर ज्या विमानाला ओळखतात ते विमान फुजैराहून सोडलं, तर उड्डाणाचा वेळ मोजायला कुणी उरणार नाही. इंधन अरबी समुद्रातच संपेल. वेग एका विमानाचा, विमानतळ दुसऱ्या विमानाचा, आणि तिकीट कुणाकडेच नाही. याला म्हणे माहिती!

धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे, तिथे मोठं जेटही उतरू शकतं, असं कुणी म्हणेल. मान्य. धावपट्टी असणं आणि विमान येणं यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर कुठलंच यंत्र मोजत नाही. परदेशी विमान उतरायचं तर सीमाशुल्काची मंडळी लागतात, पारपत्र तपासणारे लागतात, आरोग्य तपासणी लागते, रात्रीच्या उतरणीची सोय लागते, पावसाळ्यात ढग खाली आले तरी उतरवणारी यंत्रणा लागते. कोकणच्या पावसात चिपीची विमानं दृश्यमानतेपायी कितीदा रद्द झाली, ते तिथल्या प्रवाशांना विचारा. चापाची लांबी त्यांनाही ठाऊक होती. घरी मात्र ते एसटीने गेले.

आता या आकड्याचा धंदा बघा. आखातात मराठी माणूस भेटेल अशा प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी एक चकचकीत पत्रक हातात ठेवतं. माझ्यासमोर त्यातलं एक आहे. वर नारळाचं झाड, मागे निळा समुद्र, झाडाच्या शेंड्यावरून जाणारं पांढरं विमान. त्या विमानाला चार इंजिनं काढली आहेत! चिपीच्या धावपट्टीने तसं विमान नियमित सेवेत कधी पाहिलेलं नाही. खाली मोठ्या अक्षरांत: ‘विमानतळापासून फक्त १० मिनिटे’. दहाच्या डोक्यावर एक बारीक तारा. त्या ताऱ्याचा खुलासा शोधायला पत्रक उलटं करावं लागतं, डोळे बारीक करावे लागतात, आणि मग वाचायला मिळतं की चित्र कल्पनेवर आधारित असून वेळ अंदाजे आहे. आणि त्याखाली तो लाडका आकडा: आखात ते कोकण, तीन तास. माणूस बारा-बारा तास राबून साठवलेले दिरहम या तीन तासांवर लावतो. गुंठ्याचा भाव कशाने वाढवला? न सुटणाऱ्या विमानाने.

मी म्हणतो, दहा मिनिटं हे अंतर खरं असेलही. प्लॉट विमानतळाला खेटून असेल. पण विमानतळापासून दहा मिनिटं याला अर्थ केव्हा येतो? विमानतळावर उतरल्यावर. उतरणार कसा? त्यासाठी आधी मुंबईला जा. म्हणजे प्लॉटपासून दहा मिनिटं दूर काय आहे? एक बंद दरवाजा.

आता या तीन तास चार मिनिटांची खरी किंमत काय असते, ते सांगतो. फुजैराच्या एका वर्कशॉपात काम करणारा कुडाळजवळच्या गावचा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. एका पहाटे त्याचा फोन आला. “काका, बापूस गेलो. हय फोनात तीन तास दाखवता. मी कधी पोचतलंय?” काय उत्तर देणार? त्या दिवशी फुजैराहून मुंबईची जागा मिळाली नाही. शारजाहून संध्याकाळची मिळाली. म्हणजे आधी हजर पर्वताच्या घाटांतून शे-सव्वाशे किलोमीटर उलट पश्चिमेला यायचं. गाव पूर्वेला, आणि पोरगा पश्चिमेला पळतोय! रात्री उशिरा मुंबई. पारपत्राची रांग. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते, ती गेलेली. मग विमानतळाबाहेर घासाघीस करून गाडी ठरवली, आणि मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ज्याच्या पूर्णत्वाच्या तारखा मंत्री बदलले तशा बदलत गेल्या. वडखळ, माणगाव, कशेडी, चिपळूण, राजापूर. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात पोचला तेव्हा चुलतभावाने अग्नी देऊन झाला होता. गावाने सकाळपर्यंत वाट पाहिली होती. घरच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, तीन तासांचा रस्ता ना रे तुझा?

त्या माउलीच्या कानात हे तीन तास कुणी घातले? मला त्या माणसाचं नाव नको आहे. ते एका माणसाचं कामच नाही. पत्रकवाल्यांनी घातले, पुढाऱ्यांनी घातले, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी घातले. प्रत्येकाने चापाची लांबी सांगितली आणि विमान नाही एवढी एकच गोष्ट सांगायची टाळली. अर्धसत्य सांगणाऱ्याला खोटारडा म्हणायला आपण कचरतो. मी कचरत नाही.

‘अहो, अंतर एवढं कमी आहे, आज ना उद्या विमान येईलच,’ असा एक आशावादी पंथ आहे. या पंथाला इतिहासाची ॲलर्जी आहे. मी राहतो त्या शारजातच त्याचं उत्तर आहे. लंडनहून भारताकडे निघालेली इंपीरियल एअरवेजची विमानं आधी आखाताच्या इराणी किनाऱ्यावरून जात. इराणने परवानगी नाकारली. झालं! अख्खा मार्ग उचलून अरबी किनाऱ्यावर आणावा लागला. १९३२ च्या जुलैत शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला, ऑक्टोबरात पहिलं विमान उतरलं. प्रवाशांना रात्री निजायला किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. आज त्याचं अल महत्ता संग्रहालय झालं आहे, आणि जुन्या धावपट्टीवरून मोटारी धावतात. इराणचा किनारा काय त्या वर्षी लंडनपासून दूर सरकला होता? अंतर होतं तेवढंच होतं. बदलली ती सही. विमानाचा मार्ग सहीने ठरतो, चापाने नाही.

अजून पुरावा हवा? फुजैराला लागूनच कल्बा आहे. विमानांना अडीअडचणीला उतरायला तिथे एक पट्टी हवी होती. ती मिळवायला ब्रिटिशांनी १९३६ मध्ये काय केलं? कल्बाच्या शासकाला स्वतंत्र राज्याचा दर्जा देऊन टाकला! एका धावपट्टीसाठी एक राज्य. पुढे ते पुन्हा शारजात विलीन झालं, ती गोष्ट वेगळी. पण गरज असलेलं सरकार विमान उतरवायला काय काय करतं, ते यातून दिसतं. आणि आपली सरकारं? ती फीत कापतात.

त्याच १९३२ च्या ऑक्टोबरची १५ तारीख आठवा. जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपालाचं विमान आणलं. ते टपाल कुठून आलं होतं? इंपीरियलच्या विमानाने कराचीला. म्हणजे शारजाची वाळू आणि जुहूची वाळू नव्वद वर्षांपूर्वीच एका टपालाच्या थैलीने जोडली गेली होती, कारण दोन्ही टोकांना वेळापत्रक होतं. १९३५ मध्ये टाटांची सेवा मुंबईहून गोवा आणि कण्णूर करत तिरुवनंतपुरमला गेली. नकाशा पाहा: वाटेत कोकणचा किनारा. विमान कोकणावरून गेलं. ती परंपरा आम्ही निष्ठेने जपली आहे. आजही आखातातली विमानं आम्हाला वगळूनच कण्णूरला जातात.

कण्णूर म्हणताच आमची मंडळी नाक मुरडतात. मुरडा. कण्णूरचा विमानतळ ९ डिसेंबर २०१८ ला सुरू झाला आणि पहिलं विमान गेलं ते अबुधाबीला. पहिल्याच दिवशी! विमानतळ कुणासाठी बांधतोय ते त्यांना ठाऊक होतं. केंद्राने कण्णूरला परदेशी कंपन्यांसाठीचा ‘पॉइंट ऑफ कॉल’ दर्जा दिला नाही, म्हणजे अमिरातीच्या कंपन्यांना तिथे उतरता येत नाही. रडत बसले का? भारतीय कंपन्यांच्या मागे लागले. मे २०२५ मध्ये इंडिगोने कण्णूर-फुजैरा थेट विमान सुरू केलं, मुंबई-फुजैराही तेव्हाच. एक आडबाजूचा विमानतळ दुसऱ्या आडबाजूच्या विमानतळाला जोडला गेला. अंतर जवळ होतं म्हणून नव्हे. कण्णूर तर चिपीपेक्षा फुजैराहून लांब आहे! पुन्हा वाचा. लांबच्याला विमान मिळालं, जवळच्याला आकडा मिळाला.

का मिळालं? केरळने १९९६ मध्येच परदेशातल्या केरळी माणसांसाठी ‘नोर्का’ हे वेगळं खातं काढलं. कोचीचा विमानतळ परदेशी राबणाऱ्या हजारो मल्याळींच्या भागभांडवलातून उभा राहिला आणि १९९९ मध्ये सुरू झाला. ज्याने पैसा घातला तो विचारतो, माझं विमान कुठे आहे. खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसं आखातात गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर घरं उभी राहिली, मशिदी आणि शाळा उभ्या राहिल्या. त्यांना आपण कधी विचारलं का, बाबांनो, तुम्हाला उतरायला कुठे सोयीचं? चिपी त्यांनाही दूरच. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे, आणि प्रवाशांसाठी तिथे वर्षानुवर्षं आश्वासनं. माणूस मुंबईलाच उतरतो आणि रात्रभर गाडीत बसून घरी जातो.

अमिराती म्हणजे केवढा देश? सुमारे ८३,६०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्र त्याच्या साडेतीन पटींहून मोठा. अमिरातीत अबुधाबी, अल ऐन, दुबई, शारजा, रास अल खैमा, फुजैरा अशी परदेशी विमानं घेणारी दारं आहेत, दुबईला तर दोन. महाराष्ट्रातून आखाताला जायची दारं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आणि तरी भाषणात जगाला कवेत घ्यायची भाषा! आधी मालवणला घ्या.

आता चिपीची कुंडली. मार्च २०१९ मध्ये टर्मिनलचं उद्घाटन झालं. विमान नाही. ९ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उद्घाटन झालं, या वेळी विमानासकट. व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे, आणि भाषणांत विमानापेक्षा एकमेकांची विचारपूस जास्त. श्रेय कुणाचं, यावर जेवढी शक्ती खर्च झाली तेवढी इंधनात घातली असती तर विमान तेव्हाच मस्कतला पोचलं असतं. मुंबई-सिंधुदुर्ग सेवा ‘उडान’ योजनेखाली चालली. योजनेची मुदत तीन वर्षं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन मिळवा. ऑक्टोबर २०२४ येतो. त्याच महिन्यात अलायन्स एअरची ती सेवा थांबली. अनुदान संपलं, विमान संपलं. अंतर? जराही वाढलेलं नव्हतं. साडेतीनशे किलोमीटर होतं, साडेतीनशेच राहिलं.

हे एकट्या चिपीचं दुखणं नाही. ‘उडान’ म्हणजे छोट्या विमानतळांना स्वस्त विमानसेवा: तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांवर सुरुवातीला अडीच हजार रुपयांची मर्यादा, आणि कंपनीचा तोटा सरकारी निधीतून भरून द्यायचा. उद्देश चांगला, मी त्याच्या विरोधात नाही. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल काय सांगतो? तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत मुदतीनंतरही तग धरून राहिले ५४. सातशे चौऱ्याहत्तरांतले चौपन्न! त्या प्रत्येक मार्गाचं हवाई अंतर बिनचूक मोजलेलं होतं. प्रत्येकाचा उड्डाणाचा वेळ कागदावर होता. फाईल अतिशय सुंदर होती.

‘तुमच्या अमिरातीत तरी सगळं आलबेल आहे का?’ हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. नाही, आलबेल नाही. पश्चिमेला डाल्मा नावाचं बेट आहे, एके काळी मोत्यांच्या व्यापाराचं. तिथे विमानतळ आहे. शेजारी सर बनी यास बेटावरही आहे. रोटाना जेट नावाच्या कंपनीने गेल्या दशकात अबुधाबीहून या आडवळणाच्या ठिकाणी छोटी विमानं उडवली. २०१७ मध्ये कंपनीच थांबली. डाल्मा ते फुजैरा म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या घरात. यंत्र म्हणतं, एक तास. माणूस मात्र फेरीबोटीने मुख्य भूमीवर येतो आणि मग गाडी हाणतो. फुजैराच्या विमानतळाचं १९८७ मध्ये उद्घाटन झालं, आणि दुबई शेजारी असल्यामुळे प्रवासी विमानांसाठी त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली. पैसा असलेल्या देशाचीही आकड्यापुढे ही अवस्था. पण एक फरक ध्यानात घ्या: इथल्यांनी रस्ता केला. डोंगर फोडून दुबई ते फुजैरा असा सरळ महामार्ग काढला. विमान परवडत नाही तर रस्ता घ्या, पण पोचा. आमच्याकडे विमान परवडत नाही आणि रस्ता संपत नाही.

दुसरा आक्षेप मोपाचा. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, चिपीपासून हवाई अंतराने पन्नास किलोमीटरच्या आत, सिंधुदुर्गाच्या अगदी शिवेवर. आखाताची विमानं तिथे येतात. मग चिपीचा हट्ट कशाला? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच मी चिपीला परदेशी विमान द्याच असा आग्रह धरत नाही. कदाचित ते परवडणारच नाही. दोन विमानतळ असे मांडीला मांडी लावून बांधले तर एकाने उपाशी राहायचं हे ठरलेलंच. पण मग तसं तोंडाने सांगा! ‘कोकणातल्या आखातकरांनो, तुमचा विमानतळ मोपा आहे, आणि तिथून सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीला प्रत्येक विमानाला जोडून एसटी सुटेल.’ एवढं एक वाक्य बोलायला कुठल्या द्विपक्षीय कराराची गरज आहे? एसटीला ‘पॉइंट ऑफ कॉल’ लागत नाही. ते वाक्य कुणी बोलत नाही, कारण दुसऱ्याच्या राज्यातल्या विमानतळाची फीत कापता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि मी ती सोडणार नाही. विमानप्रवासाचा वेळ छापायचा असेल तर शेजारी विमानाचा क्रमांक छापा, सुटण्याची वेळ छापा, वार छापा. ते नसेल तर फक्त किलोमीटर छापा आणि स्वच्छ अक्षरांत लिहा: थेट विमान नाही. जमिनीच्या जाहिरातींवर नजर ठेवायला महारेरा आहे; ‘विमानतळापासून १० मिनिटे’ लिहिणाऱ्याने त्या विमानतळावर आज कुठून कुठून विमान येतं ते त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावं, अशी सक्ती करा. तारा नको, मागची बाजू नको. आणि निवडणुकीच्या सभेत कुणी तुम्हाला तीन तासांत आखात दाखवायला लागला, तर खुर्चीवरून उठा आणि विचारा: दादा, तिकीट कुठे मिळतं? तुमच्यासारखे दहा जण उठले तर अकराव्या सभेत तो आकडा ऐकू येणार नाही.

आखातात राबणाऱ्या माणसाला स्वप्नाळू समजू नका. तो वेळापत्रकावर जगतो: पाळी किती वाजता, बस किती वाजता, खोलीतल्या शेगडीवर आपला नंबर किती वाजता. त्याला चाप नको, अक्षांश नकोत. रात्री फोन आला तर सकाळी कुठल्या दारातून निघायचं आणि घराच्या अंगणात किती वाजता पाय टाकायचा, एवढंच त्याला हवं आहे. ते सांगण्याची ज्यांची लायकी नाही, त्यांनी मिनिटं मोजायचं बंद करावं.